माग गेले, खांब राहिले

इचलकरंजीतल्या एका यंत्रमागाच्या शेडमध्ये समकालीन कलेसाठी दालन करायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा मागण्यांची यादी तयारच होती. चित्रं लागली पाहिजेत, शिल्पं मावली पाहिजेत, व्हिडिओसाठी काळोख हवा, सादरीकरणासाठी मोकळी जागा हवी, कोणी छतापासून काही टांगायचं म्हणालं तर टांगता यावं. आणि पुढेमागे पैसा उभा राहिला की जागा वाढवता यावी. पैसा मात्र एका गाळ्यापुरताच होता.

यादी वाचून मला पहिल्यांदा आठवली ती आपल्या तालुक्या-तालुक्याला असणारी बहुउद्देशीय सभागृहं. सकाळी रक्तदान शिबिर, दुपारी साखरपुडा, संध्याकाळी 'भव्य चित्रकला प्रदर्शन'. सगळ्यासाठी बांधलेली, म्हणून कशालाच धड न होणारी. चित्र लावायला जावं तर भिंतीवर एकतर पंख्याचे रेग्युलेटर किंवा देणगीदारांच्या संगमरवरी पाट्या. तेव्हा मी ठरवलं की काय काय हलू शकेल याचा विचार शेवटी करायचा. आधी काय हलणार नाही ते पक्कं करायचं.

शेडचे मालक आण्णा. (इचलकरंजीत दर दुसऱ्या गल्लीत एक आण्णा असतात, त्यामुळे ओळख पटायची भीती नाही.) वडिलांच्या वेळेपासून साधे माग. मुलगी मुंबईला जेजेच्या कलामहाविद्यालयात शिकून परत आलेली. दालनाची कल्पना तिची, जागा आण्णांची. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी या गावात पहिला यंत्रमाग बसवला आणि पुढच्या काळात गल्लोगल्ली शेड उभ्या राहिल्या. आता शटललेस, म्हणजे धोट्याशिवाय विणणाऱ्या, मागांपुढे साध्या मागांचा टिकाव लागत नाही, कित्येकांचे माग भंगारात वजनावर गेले. आण्णांच्या तीन गाळ्यांपैकी पहिला असाच रिकामा झाला होता. दुसऱ्यात एका खर्चीवाल्याचे, म्हणजे दुसऱ्याचं सूत घेऊन मजुरीवर कापड विणून देणाऱ्याचे, माग भाड्याने चालू होते. तिसऱ्यात ताग्यांचं गोदाम.

पहिला गाळा ४० फूट रुंद, १२० फूट लांब. मधोमध बिडाच्या खांबांची एकच ओळ, दर २० फुटांवर खांब. वर करवती छप्पर, प्रत्येक दात्याची उभी बाजू काचेची आणि उत्तरेकडे तोंड केलेली. गावातल्या बहुतेक शेड साध्या दुपाखी पत्र्याच्या असतात, त्यामुळे हे छप्पर पाहूनच मी कामाला हो म्हटलं होतं.

मोजमापं मी घेतली, पण शेड मला समजावली ती मामांनी. मामा म्हणजे निवृत्त जॉबर. माग बिघडला की ताळ्यावर आणणारा माणूस, त्यामुळे कुठल्या कोपऱ्यात काय होतं हे मालकापेक्षा त्यांनाच जास्त ठाऊक. पहिल्याच फेरीत ते म्हणाले, "मॅडम, ह्या कोपऱ्यात पाणी गळत न्हाई, पाझरतंय. चार दिसांनी कळतंय." मग एका भिंतीवर हात ठेवून, "अन् ही पश्चिमेची भिंत दुपारची तापतिया. हिला कागूद लावू नगासा." जलरंगातलं चित्र कुठे लावू नये, हे इतक्या नेमकेपणाने मला कुठल्याही संग्रहालयाच्या माणसाने सांगितलेलं नाही. गळती आणि ऊन यांचा एक नकाशाच मी मामांच्या सांगण्यावरून काढला आणि शेवटपर्यंत तो इतर सगळ्या नकाशांच्या वर राहिला.

त्यानंतर ताईने (आण्णांच्या मुलीला मी ताई म्हणते आणि ती मला, त्यामुळे फोनवर ऐकणाऱ्यांची गंमत होते) आणि मी कागदी प्रदर्शनं भरवली. गाळ्याचं सनबोर्डचं मॉडेल केलं आणि त्यात कधीच न भरलेली प्रदर्शनं मांडून पाहिली. कोल्हापूरच्या चित्रपरंपरेवरचं, आबालाल रहिमानांपासून आजपर्यंतचं. एकच अवजड शिल्प असलेलं. फक्त पडद्यावरच्या कलाकृतींचं. जुन्या साड्या आणि पातळांचं. प्रत्येक वेळी आम्ही एकच गोष्ट लिहून ठेवायचो: या मांडणीत कशाला हात लावावा लागला नाही? हळूहळू त्याच त्याच गोष्टी वहीत यायला लागल्या. मोठं दार. वीज. टांगायच्या जागा. कोठार. संडास. छपराचा उजेड. आणि ते खांब.

खांबांवरून आमचं वाजलं. ताईला ते काढून टाकायचे होते, सलग मोकळी जागा हवी होती. तंत्राने ते शक्य होतं, नवा गर्डर टाकला असता. पण त्यात निम्मे पैसे गेले असते, आणि मला त्या मोकळेपणावर तसाही विश्वास नाही. पॅरिसचं पॉम्पिदू केंद्र हे या बाबतीतलं सगळ्यांचं दैवत. रेन्झो पियानो आणि रिचर्ड रॉजर्स या वास्तुकारांनी जिने, नळ, हवेची नळकांडी सगळं इमारतीच्या अंगावर बाहेर काढलं आणि आत सुमारे ४८ मीटर रुंदीचे, एकही खांब नसलेले मजले ठेवले. १९७७ साली ते उघडलं. आणि १९८५ साली तिथल्याच आधुनिक कलेच्या मजल्यावर गाए आउलेंती या वास्तुकर्तीकडून भिंतींच्या ठाशीव खोल्या करून घेतल्या गेल्या. चित्राला पाठीशी भिंत लागते आणि बघणाऱ्याला आजूबाजूला खोली लागते. अमर्याद मोकळी जागा हवी म्हणणारे बहुतेक लोक स्वतः कधी तिथे हातोडा-खिळा घेऊन उभे राहिलेले नसतात.

आण्णांनी या वादात वेगळाच मुद्दा काढला. ताईने त्यांना न्यूयॉर्कच्या 'द शेड'ची चित्रफीत दाखवली. २०१९ साली उघडलेली ती इमारत, तिचं बाहेरचं अवाढव्य कवच माणसाएवढ्या चाकांवरून रुळांवर सरकतं आणि समोरच्या चौकावर छप्पर धरतं. आण्णांनी ती पूर्ण पाहिली, पुन्हा लावायला सांगितली, आणि विचारलं, "त्येला तेल कोण घालतंय रोज?"

खांब राहिले. पुढे त्यांचा उपयोगही झाला, कारण २० फुटांचं ते माप सगळ्यांच्या डोळ्यांत बसलं. नवीन कलाकार जागा बघायला आला की पावलं मोजत बसत नाही, खांब मोजतो.

छपराच्या कैच्या (पत्र्याखालचे आधाराचे सांगाडे) मात्र टांगण्यासाठी निरुपयोगी निघाल्या. त्या पत्र्याचं वजन आणि वारा एवढंच पेलायला केलेल्या. आमच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरने स्पष्ट सांगितलं की यांना दिव्याच्या पट्टीपलीकडे काही बांधायचं नाही. म्हणून आत एक स्वतंत्र लोखंडी जाळी उभी केली. स्वतःच्या पायांवर, जुन्या शेडला न टेकता, जमिनीपासून १४ फुटांवर, १० फुटी चौकोनांत. प्रत्येक सांध्यावर किती किलो टांगता येईल ते तांबड्या रंगाने लिहिलं. मधल्या सांध्यांवर २५०, कडेच्यांवर १५०. हे आकडे लिहिण्याचा आग्रह मी धरला, कारण कलाकार रात्री अकरा वाजता, उद्घाटनाच्या आदल्या दिवशी, विचारायला कोणी नसताना टांगतात.

वीज खालून आणली. मागांच्या मोटारींच्या केबल ज्या चरांतून जायच्या ते चर फरशीत होतेच. आम्ही ते साफ केले, रुंद केले आणि वर उचलता येणारे चेकर प्लेटचे पत्रे टाकले. थ्री फेज जोडणी तशीच ठेवली. दालनाला एवढी वीज कशाला, असं विचारणारे भेटले, पण यंत्रं, पंप, भट्ट्या वापरून काम करणारे कलाकार आता बरेच आहेत आणि शहरातल्या गुळगुळीत दालनांमध्ये त्यांची सगळ्यात मोठी अडचण हीच असते. फरशीवरचे तेलाचे डागही तसेच ठेवले. ते काढायचे तर सगळा कोबा फोडावा लागला असता. डागांच्या ठिकाणी वरून गुळगुळीत थर दिला तर तो धरत नाही, सुटतो. कैच्यांवर साठलेले कापसाचे तंतू मात्र कणभरही ठेवले नाहीत. वेल्डिंगची एक ठिणगी पुरे झाली असती.

आता उजेडाबद्दल, कारण या कामातला सगळ्यात जास्त वेळ त्यात गेला.

उत्तरेकडे काच असलेलं छप्पर ही इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या कापडगिरण्यांकडची युक्ती. मँचेस्टर ५३ अंश उत्तरेला आहे, तिथे मध्यान्हीचा सूर्य वर्षभर दक्षिणेलाच असतो, त्यामुळे उत्तरेच्या काचेतून कामाच्या वेळी येतो तो नुसता आकाशाचा, सावली न पाडणारा, सारखा उजेड. विणकराला हवा तसा. चित्रालाही हवा तसा. पण इचलकरंजी १६.७ अंशांवर. इथे मेच्या पहिल्या आठवड्यापासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत मध्यान्हीचा सूर्य डोक्यावरून उत्तरेकडे कललेला असतो. शिवाय जूनमध्ये तो उगवतोच मुळी पूर्वेपासून सुमारे २४ अंश उत्तरेला. म्हणजे ज्या काचेतून ऊन कधीच येऊ नये, तिच्यातून उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ तिरपं ऊन आत येतं, आणि दुपारी काचेलगत उभी पट्टी पडते. मागावरच्या कापडाला त्याने काही होत नव्हतं. जलरंग, कागद आणि कापड यांना मात्र ५० लक्सच्या (लक्स हे उजेडाचं माप) वर उजेड देऊ नये असा संग्रहालयांचा दंडक आहे, तैलरंगाला २०० पर्यंत चालतो. थेट उन्हात लक्समीटर धरला तर आकडा एक लाखाच्या आसपास जातो.

काचा रंगवून टाका, हा सल्ला तीन वेगवेगळ्या माणसांनी दिला. ते केलं असतं तर शेड घेण्यात अर्थ राहिला नसता. दुपारची उभी पट्टी सोपी होती. ऊन जवळजवळ डोक्यावरून येत असल्याने काचेच्या वर दीड फुटाचा पत्र्याचा छज्जा काढला की काम भागलं. तिरप्या उन्हासाठी काचेच्या आत सरकत्या चौकटी केल्या आणि त्यांवर दुहेरी मांजरपाट ताणला. कापड शेजारच्याच गाळ्यातलं, आग न धरणाऱ्या रसायनात बुडवून आणलेलं. एका थराने ऊन विखुरतं, दोन थरांनी मवाळ होतं. पूर्ण काळोख हवा असेल तर त्याच चौकटीच्या खाचेत काळे फळे सरकवायचे. हे सगळं खालून, दोरीने. मामांनी दोऱ्यांना गाठी मारून दिल्या, कुठल्या गाठीला किती उजेड ते आता गाळा सांभाळणाऱ्या पोरालाही पाठ आहे.

तरीही त्या छपराखाली ५० लक्स सांभाळणं अशक्यच होतं, आणि ते सांभाळायचा हट्ट मी धरला नाही. गाळ्याच्या पश्चिम टोकाला, पण तापणाऱ्या भिंतीपासून चार फूट सोडून, २० बाय ३० फुटांची एक बंद खोली केली. खोलीत खोली. तिला स्वतःचं छत, स्वतःच्या जाड, आत लोकर भरलेल्या भिंती, दोन दारांच्या मधे छोटी देवडी, आणि आत चोवीस तास चालणारी वातानुकूलन यंत्रणा. उसन्या आणलेल्या कलाकृती, जुनी कापडं, कागद हे सगळं तिथेच. व्हिडिओ आणि आवाजाच्या कामांसाठीही तीच. उरलेल्या गाळ्यात पावसाळ्यात दमट, उन्हाळ्यात गरम. तिथे दगड, धातू, चिकणमाती, कॅनव्हास, माणसं. सगळा गाळा थंड करायचा तर विजेचं बिल भरायलाच दालन चालवावं लागलं असतं. आमचा सगळ्यात न बदलणारा भाग म्हणजे ही खोली, आणि तिच्यामुळेच बाकीचा गाळा मोकाट सोडता आला.

हलत्या भिंतींचा पहिला नमुना सुताराने चाकांवर करून आणला होता. दिसायला झकास. हात लावला की लटपटायची, आणि तिच्यावर टांगलेलं चित्र खोट्या दुकानातल्या मालासारखं दिसायचं. व्यापारी प्रदर्शनांच्या स्टॉलमध्ये अशा पातळ भिंती असतात. तिथे त्या शोभतात. चित्राच्या मागची भिंत मात्र जाड दिसली पाहिजे, नव्हे असलीच पाहिजे. मग आम्ही भिंती 'एल' आकाराच्या केल्या. एक पाय ८ फूट, दुसरा ४ फूट, उंची १२ फूट, जाडी पूर्ण १ फूट. 'एल'मुळे त्या कशालाही न बांधता आपोआप उभ्या राहतात. आत चौकोनी पाइपचा सांगाडा, वर १२ मिलिमीटरचा प्लाय, त्यावर ६ मिलिमीटरचा एमडीएफ (लाकडी तंतूंचा दाबलेला फळा). स्क्रू कुठेही मारा, धरतो. प्रदर्शन उतरलं की भोकांत लांबी भरायची, घासायची, रंग द्यायचा. रंगाचे थर फार चढले की वरचा एमडीएफ तेवढा बदलायचा. चित्राचा मध्य जमिनीपासून ५८ इंचांवर, ही रेघ सगळ्या भिंतींच्या कडेला पेन्सिलीने मारून ठेवली आहे.

एका भिंतीचं वजन चारशे किलोच्या पुढे गेलं. हलवायची कशी? फोर्कलिफ्टची किंमत काढून झाली होती. मामा म्हणाले, "माग कसं हलवत हुतो आमी?" गावात माग हलवणाऱ्या हमालांची टोळी अजून आहे. पहार घालून बूड दोन बोटं उचलायचं, खाली चाकाच्या पाट्या सारायच्या, आणि चौघांनी ढकलायचं. त्याप्रमाणे भिंतीच्या तळाला चार ठिकाणी पहारीसाठी लोखंडी खोबणी ठेवल्या. भिंत जागेवर गेली की पाट्या काढून घ्यायच्या, मग ती हलत नाही. बसवल्यावर ओळंबा लावून बघायचा, तळाच्या स्क्रूने इकडेतिकडे करायचं. सहा भिंतींची मांडणी चौघेजण दुपारपर्यंत बदलतात. त्यासाठी त्यांना हमाली द्यावी लागते, आणि ती रक्कम प्रत्येक प्रदर्शनाच्या अंदाजपत्रकात पहिल्याच ओळीत असते. लवचिक जागेचे नकाशे पुष्कळ बघितले. ती हलवणाऱ्या माणसांची मजुरी त्यांत कुठे लिहिलेली मला आढळली नाही.

भिंती वापरात नसतील तेव्हा त्या ठेवायच्या कुठे, हा पुढचा प्रश्न. गाळ्याचा जवळजवळ पाचवा हिस्सा मी कोठाराला मागितला तेव्हा आण्णा म्हणाले, "एवढी जागा अडगळीला?" त्यांना गोदामाचंच उदाहरण दिलं. ताग्यांना गोदाम नसेल तर मागाखाली ढीग लागतात. खोकी, भिंती, शिड्या, चौथरे, काळे फळे, पडदे यांना जागा नसेल तर ती प्रदर्शनातच पडद्याआड उभी राहतात आणि जागा आपोआप आखडते. ताईबरोबर कोचीच्या बिनालेला (दर दोन वर्षांनी भरणाऱ्या कलाप्रदर्शनाला) गेले होते तेव्हा अस्पिनवॉल हाउसमध्ये मी कलाकृतींइतक्याच रिकाम्या खोक्यांकडे, वायरी कुठून येतात याकडे बघत फिरले. २०१२ पासून त्या जुन्या व्यापारी कोठारांच्या आवारात प्रदर्शनं भरत आली आहेत, आणि मुळात ती माल ठेवण्यासाठीच बांधलेली असल्यामुळे त्यांना ही विद्या जन्मजात अवगत आहे. पणजीत सेरेंडिपिटी कला महोत्सवासाठी जुन्या मेडिकल कॉलेजची इमारत वापरतात, तिथे लांबच लांब व्हरांडे हेच काम करतात.

दाराबद्दल थोडक्यात. आम्ही १० फूट रुंद, १२ फूट उंच दार ठेवलं. पण या दालनात जास्तीत जास्त किती मोठी कलाकृती येऊ शकेल हे दार ठरवत नाही. गल्लीच्या कोपऱ्यावरचा विजेचा खांब ठरवतो. तिथे मोठा ट्रक वळत नाही. खांब हलवण्यासाठी अर्ज करून ठेवला आहे. तोवर कलाकारांना पाठवायच्या माहितीपत्रकात गल्लीचंच माप पहिल्या पानावर छापतो.

राहिलं वाढवण्याचं. इथे मला पॅरिसचंच दुसरं उदाहरण जास्त उपयोगी पडलं. 'पाले द तोक्यो' ही १९३७च्या जागतिक प्रदर्शनासाठी बांधलेली इमारत. लाकातों आणि वासाल या वास्तुकारांच्या जोडीने तिचा एक भाग अगदी थोडक्या पैशात, भिंतींना गिलावाही न करता, २००२ साली समकालीन कलेसाठी खुला केला. सुरक्षित करा, वीज-पाणी द्या, बाकी राहू द्या. दहा वर्षांनी, २०१२ साली, त्यांनीच उरलेले मजले उघडले आणि जागा २२,००० चौरस मीटरपर्यंत गेली. उत्तर फ्रान्समधल्या डंकर्कला तर त्यांनी जहाजबांधणीच्या जुन्या अवाढव्य शेडमध्ये काही घातलंच नाही. ती रिकामी ठेवली आणि तिच्याच आकाराची दुसरी इमारत शेजारी उभी केली. रिकामी शेड हवी तेव्हा वापरायला मोकळी.

आमच्याकडे रिकामं होतं ते अंगण, ३० बाय ६० फुटांचं. त्यावर पत्रा टाका म्हणून आण्णांचा आग्रह होता. मी म्हटलं, मांडववाल्याला बोलवा. गणपतीत दहा दिवसांसाठी महाल उभे करणारी माणसं गावात असताना आपण कायमचा पत्रा का टाकायचा? मांडववाले आले, त्यांनी जागा पाहिली, आणि पहिली तक्रार केली ती खड्ड्यांची. रस्त्यावर खड्डे खणू देत नाहीत म्हणून त्यांना हल्ली वाळूचे ड्रम वापरावे लागतात. तेव्हा अंगणाच्या नव्या कोब्यात १० फुटांच्या अंतराने पाइपचे तुकडे उभे गाडून घेतले, वर झाकणं. वासा किंवा पाइप आत सोडला की खांब उभा. कडेने पाण्याची गटार, दोन ठिकाणी विजेची पेटी. अंगणाची दहा फुटी चौकट आतल्या जाळीच्या चौकटीशी मुद्दाम जुळवली. त्यामुळे आतलं एखादं काम बाहेर वाढवायचं असेल तर मापं बदलत नाहीत. पहिल्याच प्रदर्शनात एका शिल्पकाराने आतून बाहेर जाणारी ४० फुटांची बांबूची रचना केली आणि वरचं छत मांडववाल्यांनी सुंभाने बांधलं, एकही खिळा न मारता.

दुसऱ्या गाळ्याकडे जाण्याची तयारी मात्र भिंतीतच करून ठेवावी लागली. पहिल्या आणि दुसऱ्या गाळ्याच्या मधल्या भिंतीत तीन ठिकाणी १० फूट रुंदीच्या चौकटी ठरवल्या, त्यांवर आत्ताच लोखंडी तुळया घातल्या आणि खालची वीट काढून पुन्हा नुसत्या मातीत बांधून ठेवली. उद्या उघडायची वेळ आली की गवंडी थापीने वीट काढेल, ब्रेकर लावावा लागणार नाही, दालन धुळीने बंद ठेवावं लागणार नाही. मुख्य केबल तिन्ही गाळ्यांना पुरेल अशी घेतली, पॅनेलमध्ये जागा सोडली, संडासांची संख्याही दुप्पट गर्दीच्या हिशेबाने. आज न वापरलेल्या गोष्टींवर झालेला हा खर्च आण्णांना पटवायला सगळ्यात अवघड जाईल असं मला वाटलं होतं. ते एका वाक्यात तयार झाले. शेड बांधताना त्यांच्या वडिलांनीही पुढच्या गाळ्यासाठी खांबांना कान (जोडणीची टोकं) सोडून ठेवले होते. ते कान अजून दिसतात.

अडचण वेगळ्याच बाजूने आली. दुसऱ्या गाळ्यातले माग दोन पाळ्यांत चालतात आणि त्यांचा हादरा जमिनीतून येतो. मामांनी पहिल्या गाळ्यात ठिकठिकाणी परातीत पाणी भरून ठेवलं आणि कुठे तरंग उठतात ते खडूने आखलं. त्या पट्ट्यात आम्ही काचेच्या किंवा उंच, सडपातळ वस्तू ठेवत नाही. आवाज तर येतोच. आमची समजूत अशी होती की खर्चीवाल्याचा करार संपला की माग जातील, विटा निघतील, आणि दालन दुप्पट होईल.

गेल्या मोसमात कापडावर काम करणारी एक कलाकार जागा बघायला आली. तिने पहिला गाळा पाच मिनिटांत पाहिला आणि उरलेला सगळा वेळ ती दुसऱ्यात, चालू मागांमध्ये उभी होती. बाहेर आल्यावर म्हणाली, तिला दुसराच गाळा हवा आहे, आणि माग चालू असताना हवा आहे. खर्चीवाल्याला विचारलं तर त्याने आधी पाळीचं नुकसान कोण भरणार ते विचारलं, मग विमा, मग लोक मागाच्या पट्ट्यात हात घालणार नाहीत याची हमी कोण देणार. तिन्ही प्रश्न रास्त होते. आता तीन चौकटींपैकी मधली एकच उघडायची, तिच्यात जाड दुहेरी काच बसवायची, आणि बघणाऱ्यांसाठी मागांपासून सहा फुटांवर जाळीचा कठडा असलेली एक वाट दुसऱ्या गाळ्यात काढायची, असा नकाशा मी काढून दिला आहे. काचेच्या चौकटीचं माप घ्यायला फॅब्रिकेटर सोमवारी येतोय. कराराचा कागद आण्णा आणि खर्चीवाला यांच्यात अजून फिरतोच आहे. भाडं कमी करायचं की पाळीमागे रोख द्यायची, एवढ्यावर अडलंय.